तिसरी पुडी

इंद्रभान सरांनी औषधाची उरलेली पुडी मोरीत रिकामी केली आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. ही तिसरी.

"मी शाळेत विज्ञान शिकवतो अन् माह्याच घरात महाराजाची पुडी?"

रुख्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवी पापणी अर्धी मिटलेली. बुबूळ हलवायला गेलं की डोळ्यामागं पराणीची आर टोचल्यासारखी कळ यायची, ती कालपासून उतरली होती.

"घाटाखालून शालूबाईनं आणली, तुमच्याच बहिणीनं. दोन दिसात दुखणं उतरते माह्यं."

"पह्यल्या खेपेले चष्म्यानं उतरलं ते! मागच्या खेपेले दाढ काढल्यानं उतरलं. त्या भोंदूचं नाव काऊन घेऊन राह्यली?"

सरांचा संताप वावगा नव्हता. एका डॉक्टरनं चष्मा बदलला, दुसऱ्यानं चांगली दाढ उपटली, तिसरा म्हणाला, टेन्शन घेऊ नका. डॉक्टरांना विज्ञान येत नाही आणि महाराजाला लाज येत नाही, हे सरांचं मत बुलढाण्यातल्या अख्ख्या स्टाफरूमला पाठ होतं.

आठवडाभरात कळ पुन्हा उसळली. पापणी पार मिटली.

"पाह्यलं?" सर कडाडले. "आला न गुण महाराजाचा!"

शेवटी अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एमआरआय उजेडात धरला.

"डोळ्यात दोष नाही. डोळा हलवणाऱ्या नसा मागून जातात, तिथं सूज आहे. दहा लाखांत एखाद्याला होतं."

"तरी मी सांगतच होतो!" सर म्हणाले. "डोळा वाचंल न?"

"आत्ता नाही सांगता येत. बाई, मधे कधी बरं वाटलं होतं?"

"तीन खेपा. पुडी घेतली की."

"मॅडम, तो भोंदू आहे," सर उसळले. "तुम्ही लेखी द्या, त्याले आतच टाकतो."

"टाकाच. इतक्या लवकर उतार म्हणजे त्यात स्टेरॉइडच असणार. न सांगता देणं गुन्हाच आहे."

सरांनी विजयी मुद्रेनं खुर्ची पुढं ओढली.

"पण या सुजेवर औषध तेच आहे," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "चालू राहिलं असतं तर डोळा एवढा गेला नसता. तीन वेळा सुरू झालं, तिन्ही वेळा मधेच बंद कोणी केलं?"

सर उजव्या, मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला बसले होते. रुख्मिणीबाईंनी अख्खी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.