चार स्क्रीनचा कॉम्प्युटर

"गेमिंगचं कार्ड कशाला, काका? चार स्क्रीन चालवणारं साधं पुरे. उरलेल्या पैशांत यूपीएस घ्या. सौदा अर्धवट असताना लाइट गेली, तर काकू वीज पाडतील." दुकानदाराच्या या बोलण्यावर शेअरदलाल हसला. पक्षाघातानंतर तो घरून कामाला लागणार होता. दुकानदाराने कागदावर ओळीने चार चौकोन काढले. "चार म्हटलं, तुम्ही दोनच काढलेत!" दुकानदार गोंधळला. दलालाच्या डावीकडे बसलेल्या बायकोने ओठांवर बोट ठेवून कागद हळूच उजवीकडे सरकवला. "हां, आता चार!" डावीकडचं त्याला काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे त्याला कळतही नव्हतं. दुकानदाराने सामानाच्या यादीतला स्क्रीनचा लांब स्टँड खोडून लिहिलं: दोनावर दोन स्क्रीन, टेबलाच्या उजव्या टोकाला. मग रिकामी खुर्ची उजवीकडे ओढली. बायको तिथे बसली. "अगं, होतीस कुठे इतका वेळ?" त्याचा डावा हात आतापर्यंत तिच्याच हातात होता.