बाहेरची कडी

टिटवाळ्याच्या नव्या बंगल्यात एका खोलीला बाहेरून कडी दिसली आणि सुधीरचं डोकं फिरलं. जन्मठेप भोगून आर्किटेक्ट म्हणून नाव कमावलेल्या सुधीरने आजवर एकाही खोलीला अशी कडी दिली नव्हती.

“मीच बसवून घेतली, सर,” घरमालक प्रितम म्हणाला. “जरा डोळा चुकला की आई निघून जाते. करू तरी काय?”

“आधी तुम्ही आत जाऊन बघा.”

सुधीरने कडी घातली. आतून आधी हसणं ऐकू आलं, मग हाका, मग दारावर धडाधड मुठी. उघडायला हवं होतं. पण तो आवाज ऐकून त्याचे हातच उचलेनात.

लेकाचं नावसुद्धा विसरलेली प्रितमची आई बायजा दाराजवळच्या खुर्चीतून धडपडत उठली. कडी काढत सुधीरवर खेकसली, “माझा पोर भ्यालाय ना रं!”