बहिणीच्या ओव्या

"सर, दोनपैकी एक डिस्क बंद पडलीय. नवी बसवून सगळं तिच्यावर उतरेपर्यंत अपग्रेड नको. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही," मृण्मयीने संचालकांना बजावलं. लोकगीत-संग्रहाचा सर्व्हर तीच सांभाळायची.

"उद्या नव्या यंत्रणेचं उद्घाटन आहे," म्हणत त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. 'डिस्क पुसून नव्याने मांडायच्या का?' पडद्यावर प्रश्न आला. ती अडवेपर्यंत त्यांनी होकार दाबला. चाळीस वर्षांची गाणी गेली.

दुसऱ्या दिवशी आजऱ्याहून म्हाताऱ्या भागूबाई आल्या, वारलेल्या बहिणीच्या ओव्या ऐकायला.

"या मॅडमच्या हातून पुसल्या गेल्या," संचालक शांतपणे म्हणाले.

मृण्मयीची नोकरी याच आठवड्यात कायम व्हायची होती, त्यांच्याच सहीने. तिने मान डोलावली.

"असू दे पोरी, मुद्दाम थोडंच केलंस," म्हणत भागूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.