तिसरा निळा मासा

मासा मेला होता.

म्हणजे, आडवा पडला होता. काचेला नाक लावून पाहणाऱ्या विष्णुला एवढंच नक्की सांगता आलं असतं. दगडाच्या कपारीत, एका कुशीवर, आडवा. काल संध्याकाळी पिशवीतून टाकीत सोडला तेव्हा निळा होता. आता राखेच्या रंगाचा. शेपूट तेवढं पिवळं.

बाहेर स्टील प्लांटचा भोंगा झाला. टाकीतले दिवे लागून बराच वेळ झाला होता. बाकीचे मासे फिरत होते. दोन झिंगे दगड साफ करत होते.

याच्या आधीचे दोन निळे असेच आडवे दिसले होते. ते खरंच मेले होते. दुसऱ्याच्या वेळी अंजनाबाईंनी लेकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. आता या घरात एक जरी जीव गेला, तर टाकी उचलायची. विष्णु हो म्हणाला होता. आईच्या डोक्यावरचा हात. रिसालीतल्या या दोन खोल्यांत मीठ कालवून, पाणी मोजून, पगार ओतून उभा केलेला समुद्र राहणार की जाणार, ते आता माशाच्या कल्ल्यावर होतं.

कल्ला हलला?

पंपाने पाणी हललं.

वैशाली नगरच्या रूपेशला त्याने फोन लावला. मासा रूपेशच्याच दुकानातला. फोन स्पीकरवर.

"भैय्या, ब्लू टँग ऐसाइच करता है. नई जगह है ना, डर के मारे लेट जाता है. पूरा नाटक."

"और मरा होगा तो?"

"तो मरा होगा." रूपेशने जांभई दिली. "पर हाथ मत डालना. पूँछ की जड़ में काँटा रहता है. ब्लेड जैसा चीर देगा."

अंजनाबाई मागे उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"नाटक?" त्या म्हणाल्या. "मंग तुह्या बाबावर गेला. ड्यूटीवर बोलवाले प्लांटचा कॉलमन दाराशी आला का तेही असेच पडून राहत. अन् मले सांगा लागे, ताप आहे म्हून."

विष्णु हसला नाही. अंजनाबाई पुढे आल्या. एरवी त्या टाकीकडे न बघता खोली ओलांडायच्या. आज गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि राखेच्या रंगाच्या त्या तुकड्याकडे पाहत राहिल्या.

"हा नाटक नाही करून राहिला," त्या म्हणाल्या. "म्या लय पाह्यले असे."

आता शपथेचं काढतील. विष्णु वाट पाहत राहिला. त्यांनी काढलं नाही. त्या आत गेल्या. मोरीत नळ सुटला, बंद झाला. परत आल्या तेव्हा एका हातात तांब्याची गडवी होती, दुसऱ्या हातात धुतलेलं तुळशीचं पान.

"आई, हे काय?"

"गंगाजल. माशाले जीव नसते का?"

"तांब्याच्या भांड्यातलं नोको टाकू. तांबं उतरते पाण्यात. झिंगे मरून जातील."

"एकाचा जीव चालला, अन् याले झिंग्याईची पडली." पण गडवी त्यांनी फ्रिजवर ठेवली. "पान तं टाकू दे. तोंडात नाही, तं तोंडापाशी."

विष्णुने टाकीचं झाकण सरकवलं.

"हात खोल नोको घालू. काटा आहे त्याले."

"मले काय कापते आता तो."

त्यांनी बांगड्या कोपराकडे सारल्या. हात मनगटापर्यंत आत गेला. पाण्याला बोट लावण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. क्षणभर त्या थबकल्या, पाणी जरासं कोमट होतं. मग बोटं उघडली. पंपाच्या धारेने पान ओढलं.

पान

खाली

आणखी खाली

दगडापाशी.

अंजनाबाईंचे ओठ हलत होते.

आणि माशाच्या डोळ्यामागे काहीतरी निळं झालं. तिथून रंग पाठीवर गेला. पाठीवरून पोटाकडे उतरला. काळी रेघ उमटली, कोणीतरी आतून काढत असल्यासारखी. शेवटी मासा इतका निळा झाला की काल पाहिलेला निळा विष्णुला आठवेना.

मासा उभा राहिला.

पानाशी आला. चावलं. थुंकलं. वळला, पुन्हा आला आणि पानाची कड कुरतडू लागला.

"हॅलो?" चालूच राहिलेल्या फोनमधून रूपेश म्हणाला. "भैय्या? मर गया क्या?"

विष्णुला फोन कुठे ठेवलाय ते दिसेना.

अंजनाबाईंचा हात अजून पाण्यातच होता. पान तोंडात धरून मासा वर आला आणि त्यांच्या मनगटाभोवती फिरला, अगदी जवळून. काटा मिटलेला होता.

सासू. सासरे. नवरा. शेजारची चंदा. कॉलनीत कोणाचा श्वास लांबला की अंजनाबाईंना बोलावणं यायचं आणि त्या पान घेऊन जायच्या. ओठ उघडून पान ठेवायचं, मग थोडा वेळ त्या ओठांकडे पाहत बसायचं.

"विष्णु," त्या हळूच म्हणाल्या. नजर माशावरून हलली नाही. "माह्या हातचं पान आजवर कोनी चावलं नव्हतं."