मी येईपर्यंत गुणगुणत राहा

मंडळाच्या दुर्गापूजेच्या गाण्याला शुभमयला महिनाभर चाल सुचत नव्हती, आणि आज संध्याकाळी मंडळी ऐकायला येणार होती. शेवटी ती सुचली कुठे, तर मासळीबाजारात, आणि तेही फोन घरी विसरलेला असताना. त्याने मासेवाल्याच्याच फोनवरून बायकोला चाल गाऊन दाखवली. "सुतपा, मी येईपर्यंत हीच गुणगुणत राहा. तू विसरलीस की गेली."

सुतपाने ती जिवापाड सांभाळली. वरणाला फोडणी देताना तीच, गॅलरीत कपडे वाळत घालताना तीच. समोरच्या काकीमांनी विचारलं, "काय गं, आज स्वारी खुशीत?" बोलायला थांबलं तर चाल निसटेल, म्हणून तिने नुसती मान डोलावली आणि गातच राहिली. थोड्या वेळाने काकीमाही गुणगुणायला लागल्या. त्यांचं ऐकून खालचा इस्त्रीवाला, त्याचं ऐकून कोपऱ्यावरचा मिठाईवाला. नवरा तेवढा पिशवीत पाबदा मासे घेऊन वाटेतल्या चहाच्या टपरीवर गप्पांत रुतला होता.

दुपारी तो घरी आला तो तोंड पाडूनच. सुतपाने पिशवी घेतली, पण गाणं काही थांबवलं नाही. घसा बसला होता तरी.

"पुरे कर आता," शुभमय खुर्चीत बसत म्हणाला. "ही चाल माझी नव्हेच. कुठलं तरी जुनं गाणं डोक्यात राहिलं असणार. अख्ख्या गल्लीला पाठ आहे."