एक टिकटिक जास्त

घड्याळ तपासताना ती दुकानातली बाकीची घड्याळं बंद करायची, म्हणजे एकाचीच टिकटिक ऐकू येई. आज तेही थांबवलं, तरी टिकटिक चालूच! याच वयात दादाला भिंतीतून आवाज येऊ लागले होते. तो भिंत फोडायला निघाला की बाबा म्हणायचे, "हो रे, मलाही ऐकू येतंय," आणि त्याच्या हातातली हातोडी हळूच काढून घ्यायचे. "स्किझोफ्रेनिया रक्तातून येऊ शकतो, पण येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "जागरण, नशा, डोक्याला ताप टाळ." तिने सगळं पाळलं होतं. आता तिने ड्रॉवर उपसले, स्क्रूड्रायव्हरने भिंतीवरची फळी उचकटली. शेवटी पेपर वाचणाऱ्या बाबांना विचारलं, "खरं सांगा, टिकटिक ऐकू येतेय?" "हो गं, मलाही ऐकू येतंय," म्हणत त्यांनी हळूच तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.