चार राखाडी बटणं

“बोक्याचं नाव कोणी पासवर्ड ठेवतं का, आई?”

शिंपीणबाईंच्या हातातली सुई कोटाच्या अस्तराऐवजी बोटात गेली.

मुलगा दोन दिवसांसाठी आला होता आणि सकाळपासून दुकानातल्या कॉम्प्युटरला चिकटला होता. मेल, विजेचं बिल, कापडवाल्याची साइट, सगळीकडे बाईंचा एकच पासवर्ड. कधीच मेलेल्या बोक्याचं नाव आणि पुढे मुलाचं जन्मसाल.

“एक किल्ली चोराच्या हाती लागली की सगळं घर मोकळं,” मुलगा म्हणाला. “आता ब्राउझरच पासवर्ड बनवेल. वीस अक्षरं, ना शेंडा ना बुडखा. पाठ करायचं नाही. तोच जपतो, तोच भरतो.”

“आणि तुझा?” बाईंनी बोट चोखत विचारलं.

“माझाही बोकाच होता की, शाळेपासून. आत्ता इथे बसल्या बसल्या बदलून टाकला. आता मलासुद्धा येत नाही.”

“बरं केलंस,” बाई म्हणाल्या आणि खाली मान घालून टाके घालू लागल्या. तीन टाके वाकडे पडले, ते उसवावे लागले.

चार वर्षं बाई मुलाचे मेल चोरून वाचत होत्या. नोकरीसाठी परगावी गेल्यापासून हा फोनवर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. “बरा आहे. जेवलो. ठेवतो.” संपलं. एकदा न राहवून बाईंनी त्याच्या मेलवर बोक्याचं नाव घालून पाहिलं, तर दार सताड उघडलं. तिथे तो दर रविवारी कुणा मित्राला भरभरून लिहायचा. खोकला गेला. साहेब तिरसट आहे, पण मनाचा चांगला. नव्या खोलीला दोन खिडक्या आहेत. राखाडी स्वेटरची बटणं तुटली. मित्र मात्र एक नंबरचा आळशी. इतक्या वर्षांत उलट उत्तराची एक ओळ नाही. बाईंना त्याचा रागच यायचा.

बटणांच्या वेळी त्या चुकल्याच. हात शिवशिवले आणि चार राखाडी बटणं कुरियरने धाडून मोकळ्या झाल्या. मग आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं? त्याने काही विचारलं नाही.

लोक विश्वासाने आपल्याला अंगाची मापं देतात, असं त्या स्वतःला सुनावायच्या. एकीचं माप दुसरीला कधी सांगितलं नाहीस, आणि पोटच्या पोराच्या घरात चोरपावलांनी शिरतेस? मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रविवार उजाडला की लाज गुंडाळून ठेवून पुन्हा वाचायच्या.

मुलगा गेला. आता तो आजारी पडला, एकटा पडला, तरी इकडे पत्ता लागणार नव्हता. झालं ते योग्यच झालं, अशी मनाची समजूत घालत बाईंनी शनिवारपर्यंत दम धरला. पण जित्याची खोड ती. रविवारी दुपारी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. नुसतं लागलेलं कुलूप बघू, म्हणजे जीव शांत होईल.

मेलचं पान उघडलं. त्यांच्या पत्त्याखाली मुलाचाही पत्ता दिसला. त्यावर बोट टेकताच पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आपोआप भरले.

वेंधळा, पुसायला विसरला. आधी वाचलं ते एक वेळ आईची माया म्हणून खपलं असतं, पण आता पोराने कुलूप घातल्यावरही आत जायचं म्हणजे सरळ चोरीच. बाईंना स्वतःची शरम वाटली. तरी बोटाने दाबलंच.

मुलाने पाठवलेला एकच नवा मेल होता. वर पत्ता नेहमीचाच, मित्राचा. खाली दोनच ओळी.

“आई, हा पासवर्ड तुझ्या कॉम्प्युटरलाही मुद्दाम शिकवून ठेवलाय. मित्र वगैरे कोणी नाही, कधीच नव्हता. बटणं छान बसली.”